पाण्याचा कारभार ओझरला, मग जंगलाचा सुरगाण्याला का नाही?

निफाड तालुक्यात जंगल नावालाच आहे. जंगलाविषयीची मते मात्र भरपूर आणि पक्की. द्राक्षबागेच्या बांधावर, पिंपळगावच्या बाजार समितीत किंवा लग्नाच्या पंगतीत विषय निघाला की ठरलेली वाक्ये कानावर येतात. वनहक्काचे पट्टे वाटले आणि डोंगर बोडके झाले. मतांसाठी सरकारने जंगल वाटून टाकले. आदिवासीच्या हाती जंगल दिले की पहिली कुऱ्हाड तोच चालवणार. हे बोलणाऱ्यांपैकी अनेकांच्या बागेत त्याच वेळी सुरगाणा-पेठहून आलेली टोळी विरळणीला वाकलेली असते, हा भाग वेगळा.

निफाडकरांनी या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण या तालुक्याचे पाणी वरून येते. गोदावरी ब्रह्मगिरीवरून, दारणा इगतपुरीकडून आणि कादवा दिंडोरीच्या डोंगरांतून. करंजवण, पालखेडची धरणे भरली तरच इथल्या चाऱ्यांना आवर्तन मिळते. सुरगाणा-पेठचे पाणी बहुतांशी पश्चिमेला गुजरातकडे उतरते, त्यामुळे तिथल्या डोंगरांशी निफाडचे नाते पाण्याचे कमी आणि माणसांचे जास्त. दिंडोरीचा पश्चिम पट्टा आणि त्र्यंबकचे डोंगर यांचे तसे नाही. तिथे माती सुटली की ती धरणात आणि बंधाऱ्यात येऊन बसते. कादवा आणि गोदावरी जिथे मिळतात त्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात इतका गाळ साठला की त्यावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. पक्ष्यांचे भले झाले याचा आनंदच आहे. पण प्रत्येक धरणाचे असे अभयारण्य होणे शेतकऱ्याला परवडणारे नाही.

तेव्हा आक्षेप नीट तपासू. डोंगर बोडके आहेत, हे खरे आहे. उतारावर नागली-वरई पेरली जाते, राब भाजला जातो, हेही खरे आहे. खोटे आहे ते एवढेच, की ही गोष्ट पट्ट्यांपासून सुरू झाली. इंग्रजांनी १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या कायद्याने जंगल सरकारी केले ते झाडांच्या प्रेमापोटी नव्हे, रेल्वेच्या आणि जहाजांच्या लाकडासाठी. कूप पाडून लाकूड काढायला मजूर हवेत म्हणून खानदेश, नाशिक, ठाण्याच्या पट्ट्यात आदिवासींना एकसाली जमिनी देण्यात आल्या. दरवर्षी नव्याने परवानगी, दरवर्षी नव्याने काढून घेण्याची धमकी. स्वातंत्र्यानंतर साहेब बदलला, ठेकेदार बदलला, कूप तसेच पडत राहिले. ज्या माणसाला आज कसत असलेली जमीन पुढच्या पावसाळ्यात आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नाही, तो बांधावर आंबा लावील कशाला? आणि ज्या गावाला आपल्याच डोंगरावरून मोळी आणताना गार्डची नजर चुकवावी लागते, ते गाव बाहेरच्या चोराला अडवील कोणत्या अधिकाराने?

२००६ चा वनहक्क कायदा हा जमीन वाटपाचा कायदा आहे, हा दुसरा गैरसमज. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या, प्रत्यक्ष कसलेल्या जमिनीलाच मान्यता मिळते, आणि तीही जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. नव्या अतिक्रमणाला त्यात दार नाही. त्याच कायद्यात ग्रामसभेला आपले सामूहिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. पंगतीतल्या चर्चेत हे कलम कधी ऐकू येत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाने वनाच्छादन घटण्याच्या कारणांमध्ये वनहक्काच्या पट्ट्यांचे नाव घेतले. तेव्हा केंद्राच्याच आदिवासी व्यवहार मंत्रालयाने याला आधार काय, असे विचारले. याच सर्वेक्षणाची व्याख्या अशी, की एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडांचे छत्र दिसले की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, हा प्रश्न नाही. म्हणजे आमराईसुद्धा उपग्रहाला जंगलच दिसते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. वनव्यवस्थापन हे शास्त्र आहे आणि ते अडाणी माणसाचे काम नव्हे, असे म्हणतात. याचे उत्तर बांबूच्या एका बेटात सापडते. सत्तरच्या दशकात कर्नाटकातला बांबू संपत चालल्याची तक्रार टोपल्या विणणाऱ्या बुरुडांनी केली. कागद गिरणीला हा बांबू दीड रुपया टन दराने मिळत होता. गिरणीचे आणि वनखात्याचे म्हणणे, गावकरी आणि त्यांची गुरे बांबू संपवतात. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे अभ्यासाचे काम आले आणि ते उत्तर कन्नडच्या जंगलात फिरले. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते साफ केले की बेटाची गर्दी कमी होईल, नवे कोंब जोमाने येतील, असे वनखात्याचे शास्त्र. त्याप्रमाणे गिरणीचे लोक बुडखे स्वच्छ करत. गावकरी सांगत होते, असे करू नका, काटे आहेत म्हणून कोंब वाचतात. गाडगीळांनी पाहिले तेव्हा गावकऱ्यांचेच बरोबर निघाले. काटे काढलेल्या बेटांतले कोवळे लुसलुशीत कोंब गुरे आणि जंगली जनावरे फस्त करत होती. पुस्तकातले शास्त्र त्या बेटापाशी कोणी तपासलेच नव्हते. तपासले होते ते त्याच्याजवळ राहणाऱ्या माणसांनी.

हे कर्नाटकातले झाले. महाराष्ट्राची साक्ष गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची. गावाच्या कामामागची देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. या गोंड गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाचा कीस पाडला जातो. १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढाच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. पण हक्काचा कागद हातात आला तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. बांबू म्हणजे झाड, असा खात्याचा हट्ट. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की बांबू हे गवत आहे, आणि वनहक्क कायद्यातही तो गौण वनोपजच आहे. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले. आपलेच गवत विकायला एका गावाला केंद्रीय मंत्री बोलवावा लागतो!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बांबूचा व्यवसाय सुरू केला आणि हमखास पैसा देणारे तेंदूपान मात्र बंद केले. तेंदूसाठी फांद्या छाटतात, रानाला आगी लावतात, म्हणून. जंगलाचा एक भाग देवाचा म्हणून पूर्ण सोडून दिला. पहिली कुऱ्हाड चालवणारे गाव ते हेच का?

हे आपल्याकडचेच अपवाद, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मेनोमिनी जमात १८५४ पासून आपल्या राखीव प्रदेशातले जंगल तोडते आणि विकते. तेव्हा उभे होते त्याहून जास्त लाकूड आजवर काढून झाले, तरी आज तिथे तेव्हापेक्षा अधिक लाकूड उभे आहे. नेपाळने १९९३ च्या कायद्याने डोंगर गावगटांच्या हाती दिले. १९९२ ते २०१६ या काळात तिथले वनाच्छादन २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेले.

यावर सरकारी बाजूचे उत्तर तयार असते: भागीदारी तर १९९० पासून चालूच आहे, गावोगावी संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत. आहेत खऱ्या. पण समितीचा सचिव वनखात्याचाच माणूस, आराखडा खात्याचा, आणि खात्याच्या मनात आले तर समिती बरखास्त. याला भागीदारी म्हणत असतील तर बागेतला मजूरही मालकाचा भागीदार ठरेल.

मग बारीपाड्याचे काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. साक्री तालुक्यातल्या या कोकणा पाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकापासून जंगल राखले. वनहक्क कायदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. गावानेच राखणदार नेमले, तोडीला दंड ठरवला, पाणी अडवले. तिथे वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते, ती पाहायला बाहेरगावाहून लोक येतात. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे कायद्याविनाही जमते? जमते, चैत्राम पवार असतील तर. पण प्रत्येक पाड्याला चैत्राम पवार कुठून आणायचे? असा माणूस नसलेल्या गावालाही जंगल राखता यावे, यासाठीच कायदा लागतो.

राहता राहिली वृक्षलागवड. २०१६ मध्ये २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प राज्याने सोडला. त्यातली किती जगली यावर पुढे विधिमंडळात वाद होऊन चौकशी लागली. रोप लावणारा फोटो काढून निघून जातो. ते जगवायला तिथे राहणारा माणूस लागतो.

आणि आता निफाडकरांसाठी घरचा दाखला. वाघाड धरण दिंडोरीत, पण त्याच्या कालव्याच्या शेवटाला ओझर, निफाड तालुक्यात. टेलला पाणी पोचतच नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत शेतकऱ्यांना जमवले आणि १९९०-९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी आपणच गोळा करायची, चारी आपणच दुरुस्त करायची. पाणी म्हणजे शास्त्र, कालवा म्हणजे सरकारी मालमत्ता, शेतकऱ्याच्या हाती दिले तर भांडणे होतील आणि वरचा सगळे चोरील, हे त्या वेळीही ऐकवले जात होते. पुढे वाघाडच्या चोवीस संस्थांनी मिळून अख्ख्या प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. टेलला पाणी आले, द्राक्षे वाढली, आणि २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्याला करावा लागला. ओझरच्या शेतकऱ्याला पाण्याबाबत जे पेलले ते सुरगाण्याच्या शेतकऱ्याला जंगलाबाबत पेलणार नाही, असे म्हणायला कारण काय? जात हे एकच कारण सुचते, आणि ते कोणी उघड बोलत नाही.

वनहक्काच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या लाँग मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी हजारोंनी होते. दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला, तेव्हा मुंबई हेलावली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरवड्यात तो स्थगित केला, त्या काळातली या घरांतली धास्ती समजण्यासारखी आहे. तरीही घोषणांचा भर राहिला तो घराघराच्या पट्ट्यावर. सातबाऱ्यावर नाव लागणे महत्त्वाचे आहेच, पण दोन एकर उतारावर पोट भरत नाही आणि डोंगरही हिरवा होत नाही. उरलेल्या जंगलाचा सामूहिक दावा, त्याचा आराखडा, त्याचा जमाखर्च हे काम कंटाळवाणे आहे. त्याला मोर्चाची झिंग नाही. ते न केलेल्या गावांत टीकाकारांना आयते उदाहरण मिळते. गडचिरोलीत काही ग्रामसभांचे पैसे तेंदूच्या ठेकेदारांनी थकवले, तेव्हाही हिशेबाची बाजू भक्कम असण्याची गरज दिसली.

निफाडचा यातला वाटा दयेचा असू नये, व्यापाराचा असावा. पिंपळगाव परिसरातला टोमॅटो बांबू, तार आणि सुतळीवर उभा राहतो, आणि द्राक्षाच्या मांडवालाही बांबूचा टेकू लागतो. हंगामाच्या तोंडावर हा बांबू व्यापाऱ्याकडून मिळेल त्या भावाने घेतला जातो. तीन वर्षांवरचा पक्का बांबू पावसाळा संपल्यावर तोडायचा, कोवळा राखायचा, ही शिस्त पाळणाऱ्या ग्रामसभेला आगाऊ मागणी देणारे गिऱ्हाईक मिळाले, तर बांबूचे बेट तोडण्यापेक्षा राखणे तिला परवडते. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला आहे. बांबूची तोड दिवाळीनंतर सुरू होते, टोमॅटोची लागण जून-जुलैत. तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि विविध कार्यकारी सोसायट्यांनी या मधल्या काळात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकमधल्या सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा गाठाव्यात, भाव ठरवावा आणि पुढच्या हंगामाच्या बांबूची नोंदणी त्यांच्याकडे करावी.