पूररेषेवरचे घर : खांब कोणाचे, भिंती कोणाच्या?

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली असे मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. २००५ चा महापूर शंभर वर्षांतून एखादाच, अशी ज्यांनी स्वतःची समजूत घातली होती त्यांना चौदा वर्षांनी दुसरा आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तिसरा पूर पाहावा लागला. त्याच जुलैत वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडविले. दर वेळी पंचनामे होतात, सानुग्रह अनुदान वाटले जाते, भिंतीवरची गाळाची रेघ चुन्याखाली जाते आणि त्याच जोत्यावर तेच घर पुन्हा उभे राहते. पूर ही निसर्गाची करणी असेल. एकच खर्च पुनःपुन्हा करीत राहणे हा मात्र माणसाचा निर्णय आहे.

पुनर्वसन हा या प्रश्नावरचा सरळ उपाय. तथापि शेत, दुकान, शाळा आणि बाजार जेथे आहे तेथून वस्ती उठविणे कागदावर जितके सोपे तितके प्रत्यक्षात नाही. मग उरतो दुसरा मार्ग : माणूस हलवायचा नाही, घर वर उचलायचे. ही कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. ब्रह्मपुत्रेच्या काठी राहणारा मिसिंग समाज बांबूच्या खांबांवर उभ्या केलेल्या 'चांग घरा'त पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे. पाणी खालून वाहते, संसार वर राहतो. आपल्याकडे मात्र 'पक्के घर' म्हणजे जमिनीला घट्ट चिकटलेले जड घर, असे समीकरण होऊन बसले आहे.

जड घर खांबांवर चढविणे महाग पडते, हे त्यामागचे खरे कारण. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला ४०० किलोच्या घरात जाते; तेवढे ओझे पेलायचे तर खांब, तुळया आणि पाया सर्वच भक्कम हवे. येथेच भारवाही उष्णतारोधक पॅनेलचा विचार पुढे येतो. दाबून केलेल्या लाकडी तक्त्यांच्या दोन पृष्ठांमध्ये थर्माकोलसारख्या फेसाचा जाड गाभा चिकटविला की एक ताठ, हलके पॅनेल तयार होते. तेच भिंत, तेच छप्पर, तेच ओझे पेलणारा सांगाडा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेत १९३५ च्या सुमारास या विचाराचा आरंभ झाला. फेसाचा गाभा १९५२ मध्ये आला. अशा भिंतीचे वजन दर चौरस मीटरला साधारण २० ते २५ किलो. ओझे असे उतरले की खांबांचा खर्चही उतरतो आणि कारखान्यात कापून आणलेले घर काही दिवसांत उभे राहते. भारतात इंदूर येथील पथदर्शी गृहप्रकल्पात पोलादी सांगाड्यात सँडविच पॅनेलच्या भिंती बसविल्या गेल्या. त्याची पायाभरणी जानेवारी २०२१ मध्ये झाली. तेथे ओझे पोलाद पेलते, भिंत नव्हे, हा फरक ध्यानात ठेवला तरी पॅनेलची भिंत या देशाला अगदीच परकी राहिलेली नाही.

परंतु हलकेपणाचा गुण हाच दोषही ठरू शकतो. जून २०२० मधील 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर किती छपरे उडविली हे अद्याप विस्मरणात गेलेले नाही. हलके घर खांबांना आणि खांब पायाला पोलादी पट्ट्यांनी जखडलेले नसेल, तर पुरातून वाचलेले घर वाऱ्याने जाईल. दुसरा शत्रू ओल. अलास्कातील जुनो शहरात, या शतकाच्या आरंभी, अशा पॅनेलची छपरे सांध्यांपाशी कुजलेली आढळली. सांधे नीट बंद न केल्यामुळे घरातील दमट हवा त्यांत शिरली होती. कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही वाळवी यांच्यापुढे लाकडी तक्त्यांचे पॅनेल जसेच्या तसे आणणे म्हणजे संकटाला आमंत्रण. येथे पृष्ठ सिमेंट-तंतूंच्या तक्त्यांचे हवे, छपराच्या वळचणी रुंद हव्यात आणि सांधे भरणारा हात शिकलेला हवा.

हात शिकलेला नसला आणि जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसले तर काय होते, याचे उदाहरण न्यू ऑर्लिन्स शहरात आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने तेथील बंधारे फोडले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. सर्वाधिक हानी झालेल्या लोअर नाइन्थ वॉर्डात अभिनेते ब्रॅड पिट यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने जमिनीपासून उंच उचललेली, ऊर्जा वाचविणारी १५० घरे बांधण्याचा संकल्प सोडला. नामवंत वास्तुविशारदांनी आराखडे दिले. शंभरावर घरे उभी राहिली. काहींत हीच पॅनेले वापरली गेली. दहा वर्षांच्या आत गळती, बुरशी आणि कुजलेल्या लाकडाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये रहिवासी न्यायालयात गेले. दोष केवळ पॅनेलचा नव्हता. पावसाळी प्रदेशात सपाट छपरे आणि अपुऱ्या वळचणी देणारे आराखडे कागदावर सुंदर होते. घर मात्र कागदावर राहत नाही, पावसात राहते.

आता हिशेब. पॅनेलची तरफदारी करणारे म्हणतात की वाढीव किंमत ऊर्जेच्या बचतीतून भरून निघते. थंड देशात, जेथे सहा महिने घर तापवावे लागते, ते खरे आहे. ज्या घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत तेथे बचत कशातून होणार? पत्र्याखाली भाजून निघणाऱ्या कुटुंबाला उष्णतारोधक छपराने मोठा आराम मिळेल; परंतु आरामाने कर्जाचा हप्ता फिटत नाही. आपल्याकडे पॅनेलचे समर्थन हलकेपणा आणि वेग या दोन आधारांवरच करावे लागेल.

त्याहून मोठी अडचण भांडवलाची. गरीब माणूस घर एकदम बांधीत नाही. यंदा जोते, पुढल्या वर्षी भिंती, मुलीचे लग्न पार पडल्यावर गिलावा, असे ते वाढत जाते. चिरा हीच त्याची बचत असते. कारखान्यातून येणारे घर मात्र सर्व पैसा आगाऊ मागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी केंद्राच्या मापदंडाप्रमाणे १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आहे आणि ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्याहप्त्याने मिळते. हे टप्पे गवंड्याच्या कामाचे आहेत, चार दिवसांत उभ्या राहणाऱ्या घराचे नव्हेत. शिवाय चिऱ्याच्या भिंतीची मजुरी गावातच राहते. पॅनेलची किंमत कारखान्याच्या गावी जाते.

यातून एक वाजवी वाटणी सुचते. खांब, पाया आणि त्यावरची फरशी ही पुराविरुद्धची तटबंदी आहे. तिच्यामुळे वाचणारा पैसा एका कुटुंबाचा नसून सरकारच्या तिजोरीचाही आहे, कारण पुढच्या पंचनाम्याचा खर्च तीच टाळते. तेव्हा हा भाग सार्वजनिक खर्चातून, स्थानिक गवंड्यांच्या हातून व्हावा. त्यावरच्या भिंती पॅनेलच्या की अन्य हलक्या सामानाच्या, एकदम की टप्प्याटप्प्याने, हे कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. पॅनेल घेणाऱ्याला सांध्यांची लेखी हमी आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्यातच मिळावा.

सरकार खांब देऊ लागले तर लोक नदीपात्रातच घरे बांधतील, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच निळ्या पूररेषेच्या आत, जेथे बांधकामच निषिद्ध आहे, तेथे एक खांबही देऊ नये. निळ्या आणि लाल रेषांमधील जुन्या वस्तीपुरतीच ही सोय असावी. तसेच उचललेल्या घराखालची जागा मोकळीच राहील, ही अट काटेकोर पाळली जावी. एरवी पाच वर्षांत तेथे दुकान, गोदाम किंवा भाडेकरूची खोली येईल आणि पुढच्या पुरात नुकसानभरपाईचा अर्ज पुन्हा लिहावा लागेल.

वर उचललेल्या घरात म्हाताऱ्यांना जिना चढावा लागेल आणि गुरांना वेगळा उंचवटा करावा लागेल, हे खरेच. परंतु मध्यरात्री कमरेएवढ्या पाण्यातून त्याच म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन निघणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना दहा पायऱ्यांची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. ती समजून घ्यायची आहे ती अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी.