आभासी वर्ग आणि घरचा उंबरठा

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात आभासी विश्वातून शिकवण्याचे प्रात्यक्षिक पाहिले. हेडसेट चढवलेल्या बीएस्सीच्या मुली हवेत हात फिरवत मानवी हृदयाच्या कप्प्यांत शिरत होत्या. मीही तो लावून पाहिला. पाच मिनिटांत गरगरू लागले, पण झडप उघडताना आतून पाहिली, ती अजून डोळ्यांपुढे आहे. बाहेर एका मुलीचे वडील म्हणाले, "सर, हे सगळं घरीच मिळणार असेल तर हिला रोज कॉलेजला कशाला पाठवायचं?"

तंत्र तसे नवे नाही. २००३ साली सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीसह अनेक विद्यापीठांनी वर्ग थाटले होते. 'इस्लामऑनलाइन' या संकेतस्थळाने २००७ मध्ये तिथेच हजचे विधी समजावेत म्हणून मक्केची प्रतिकृती उभारली. इहराम बांधलेले अवतार तिथे तवाफ करत. ती हज नव्हती, हजची तालीम होती. हे सांगायला कुणा मौलवींची गरज नाही. मग शिक्षणाच्या बाबतीत तालमीलाच शिक्षण समजण्याची घाई का?

माझा या साधनांना विरोध नाही. प्रयोग शंभरदा चुकला तरी काचेची नळी फुटत नाही. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' तर साध्या संगणकावर फुकट चालतात. आपल्या मुलामुलींनी त्या जरूर वापराव्यात. पण २०११ च्या जनगणनेत १४.२ टक्के असलेला आपला समाज २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात उच्च शिक्षणात जेमतेम ४.६ टक्के होता. पुढे संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. अशा वेळी 'घरबसल्या पदवी' ही सोय आहे की नवा पडदा, हे विचारावेच लागेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, त्या स्वतः चालत गेल्या होत्या.

त्या वडिलांना मी विचारले, मुलगी येते कशी? दोन बस बदलून, ते म्हणाले, आणि परतीची शेवटची बस साडेपाचला. प्रयोगशाळेचा तास पाचला सुटतो. मग प्राचार्यांकडे गेलो आणि हेडसेटचे कौतुक बाजूला ठेवून मुलींच्या वसतिगृहाचे काय झाले ते विचारले. प्रस्ताव तीन वर्षांपासून पडून आहे.