पोटाचा लालभडक रिपोर्ट

हल्ली ऑफिसात एक फॅड आलंय. पोट बिघडलं की रक्ताची आयजीजी तपासणी करायची आणि लाल रंगात छापून आलेलं सगळं सोडायचं: गहू, दूध, अंडी. मग उरतं काय, वरणाचं पाणी?

रक्तातलं आयजीजी एवढंच सांगतं, की तो पदार्थ तुम्ही खाता. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने ही तपासणी नको असं २००८ मध्येच सांगितलंय. तरी दुकान जोरात!

म्हणजे दुखणं मनाचे खेळ? अजिबात नाही. ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की उंदरांच्या आतड्याला जंतुसंसर्ग झाला असताना जे खाल्लं, त्याच्याशी आतडं वैर धरतं. जंतू गेले तरी वैर उरतं, तेही फक्त आतड्यात. आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्यात गहू, दूध, सोया वगैरे टोचून पाहिलं, तर बाराही जणांना कशाची ना कशाची प्रतिक्रिया आली. निरोगी ८ जणांत फक्त दोघांना.

तेव्हा मंडळी, काय खाल्लं, कधी दुखलं ते लिहून ठेवा आणि वही घेऊन पोटाच्या डॉक्टरकडे जा. गहू सोडण्याआधी सिलिअ‍ॅकची तपासणी करा, नंतर ती फसते. एका वेळी एकच पदार्थ बंद करा, पुन्हा सुरू करून बघा. बग असाच सापडतो. अख्खा कोड डिलीट करून नाही.