अजून जवळ नको!

'डॉल्फिनला पाण्यात थंडी का वाजत नाही?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'चरबीमुळे!' चूक नाही, पण माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, म्हणून चरबी हवीच. पण जोरात पोहून अंग तापलं तर? चरबीचं हे जाड जॅकेट काही काढून ठेवता येत नाही.

तिथे कामाला येतात पर आणि शेपटी. त्यांतली प्रत्येक मोठी धमनी शिरांच्या वेढ्यात असते. बाहेर निघालेलं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देतं. उष्णता घरातल्या घरात राहते. अंग तापलं की मात्र रक्त कातडीलगतच्या शिरांतून परततं आणि उष्णता समुद्रात सोडतं. त्यातलं काही गार रक्त मादीच्या गर्भाशयाजवळ पोहोचतं. म्हणजे पोटातल्या पिल्लाचा गारवासुद्धा या परांवर अवलंबून!

म्हणूनच आपल्या सिकेरी, कोको बीचवरून निघणाऱ्या डॉल्फिन-सफरींबद्दल मला बोलायचंय. फोटोत पकडायला आपण धडपडतो, तो पाठीवरचा पर म्हणजे तिचा रेडिएटर. बोटी मागे लागल्या की ती जिवाच्या आकांताने पळणार, आणखी तापणार. बोटवाल्यांच्या पोटावर पाय द्या, असं मी म्हणत नाहीये. इंजिन मंद ठेवा, अंतर राखा, घेरू नका, एवढंच. आणि मित्रांनो, 'भाऊ, अजून जवळ घ्या ना!' हे आधी आपण थांबवूया.