अपुऱ्या तपासणीची बाकी

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घरी परतलेला मनुष्य ‘काही सापडले नाही’ एवढेच सांगतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो; परंतु गुदमार्गाने गेलेली ती दुर्बीण, जेथे लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते आणि आंत्रपुच्छाचे मुख दिसते, त्या अंधांत्रापर्यंत पोहोचलीच नसेल, तर ते आश्वासन पाहिलेल्या भागापुरतेच असते. उजव्या बाजूचा जो भाग पाहावयाचा राहिला, तेथील रोग तर स्वभावतःच गुप्त. मळ तेथे पातळ असल्याने अडथळा उशिरा जाणवतो, रक्त डोळ्यांना दिसत नाही, हिमोग्लोबिन मात्र हळूहळू उतरत जाते आणि थकव्याचा दोष वयाच्या माथी मारला जातो.

दुर्बीण मध्येच थांबण्याची कारणे अनेक आहेत आणि कारणागणिक पुढील उपाय बदलतो. जुलाबाचे औषध नीट लागू न पडल्याने मळ राहिला असेल, तर उत्तम तयारीनिशी लवकर, फार तर वर्षाच्या आत, फेरतपासणी व्हावी. गर्भाशय काढण्यासारख्या पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतड्याची वळणे जखडली असतील, तर सीटी कोलोनोग्राफी करावी, आणि ती शक्य तेथे त्याच दिवशी केल्यास दुसऱ्यांदा जुलाब घेण्याचा त्रास वाचतो. वाट एखाद्या गाठीनेच अडविली असेल, तर तिच्या पलीकडे आणखी काही दडले आहे काय, हे शस्त्रक्रियेपूर्वी, निदान तिच्यानंतर काही महिन्यांत, पाहिलेच पाहिजे.

हे वैद्यांस ज्ञात आहे. प्रश्न आहे तो जबाबदारीचा. इंग्लंडमध्ये 2006 साली सुरू झालेल्या सरकारी आतडे-तपासणी कार्यक्रमात रोग्याचे नाव दप्तरी असते आणि पुढील तजवीज तो कार्यक्रमच करतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाळणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे येथे दुर्बिणीपर्यंत पोहोचलेल्या इसमास पुन्हा बोलावणारे दप्तरच नसते. ‘यकृताजवळच्या वळणापर्यंत तपासणी, पूर्वतयारी अपुरी, पुन्हा करावी’ हा शेरा अहवालाच्या तळाशी इंग्रजीत लिहिला जातो, त्याखाली तारीख नसते, आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून बीडला किंवा नंदुरबारला जाऊन कपाटात पडून राहतो.

माझे स्पष्ट मत असे की, जेथे तपासणी अपुरी राहिली, त्याच रुग्णालयावर ती पुरी करविण्याचा भार असावा. दुर्बीण कोठवर गेली, का थांबली आणि पुढे कोणत्या तारखेस यावयाचे, हे मराठीत लिहून रोग्याच्या हाती द्यावे, नातलगांनाही समजावून सांगावे, आणि तो त्या दिवशी आला नाही तर दूरध्वनीने तगादा करावा. जुलाबाच्या औषधाचा अर्धा भाग आदल्या रात्री व अर्धा सकाळी घेतल्यास आतडे अधिक स्वच्छ होते, हे सिद्ध झाले आहे. पण पहाटेच्या एसटीने निघणाऱ्या रोग्यास तो दुसरा अर्धा भाग प्रवासात पिणे केवळ अशक्य, म्हणून तो सारे औषध रात्रीच संपवितो. अशा रोग्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे आणि फेरतपासणीचे पूर्ण शुल्क पुन्हा आकारणे मला अन्यायाचे वाटते. त्याला रुग्णालयानजीक एका रात्रीचा निवारा, हाताशी शौचालय आणि दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळावी.