मुका झालेला हॉर्न

सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी आजही काही कुटुंबांत आजोबांची ठेव म्हणून जपली जाते. रंग चकाकतो, इंजिनही सुरू होते. पण स्टिअरिंगवरील हॉर्न दाबला तर आवाज येत नाही.

अशा वेळी गॅरेजमध्ये प्रथम नवा हॉर्न सुचवला जातो आणि तोही न वाजल्यास डॅशबोर्डखाली वेगळे बटण बसवले जाते. हिशेब जुळला नाही म्हणून खतावणी न पाहता तिजोरीच बदलण्यासारखा हा प्रकार. शिवाय संकटाच्या क्षणी चालकाचा हात सवयीने स्टिअरिंगच्या मध्यावरच जातो. तेथे आवाज नसेल, तर समोर धावत आलेले मूल सावध कसे होणार? १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हॉर्न सक्तीचा केला आहे, तो यासाठीच.

जुन्या गाड्यांत बहुधा बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून थेट हॉर्नपर्यंत आलेला असतो. बटण केवळ परतीची वाट मोकळी करते: हॉर्नची दुसरी तार स्टिअरिंगच्या दांड्यापाशी येते, तेथे फिरत्या पितळी कडीवर स्प्रिंगचा संपर्क टेकतो आणि बटण दाबताच प्रवाह गाडीच्या धातूत, म्हणजे अर्थमध्ये उतरतो. पुष्कळदा हॉर्न निर्दोष असतो. ही परतीची वाटच गंजाने, धुळीने किंवा झिजेने तुटलेली असते.

म्हणून प्रथम हॉर्नची दुसरी तार काढून तेथून एक सुटी तार गाडीच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवावी. हॉर्न वाजला, तर दोष स्टिअरिंगच्या बाजूस आहे. रिले असलेल्या गाडीत जोडणी निराळी असते. तेथे बटणाकडून रिलेला येणारी तार तपासावी.

त्यानंतर बॅटरीची तार सोडवूनच स्टिअरिंगवरील टोपी उघडावी. पितळी कडी बारीक पॉलिश पेपरने उजळावी. झिजलेला संपर्क किंवा मेलेली स्प्रिंग बदलावी; ताणून पुन्हा बसवलेली स्प्रिंग फार दिवस टिकत नाही. हे भाग किरकोळ किमतीचे, मात्र शोधाशोध करावी लागते. चाक उतरवायचे झाल्यास चाक आणि दांडा यांवर आधी खूण करून ठेवावी, नाहीतर गाडी सरळ धावताना स्टिअरिंग तिरपे दिसते. वळण घेताना हॉर्न आपोआप वाजत असेल, तर तारेवरचे आवरण फाटले आहे असे समजून ती तार आधी बदलावी.

काम झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवत प्रत्येक स्थितीत हॉर्न वाजवून पाहावा. सरळ चाकात वाजणारा हॉर्न पुष्कळदा ऐन वळणावर गप्प बसतो.