पाच स्टार आणि एक गार्लिक ब्रेड

गेल्या महिन्यात आमच्या धाकटीचा वाढदिवस झाला. पूर्वी वाढदिवस म्हटला की घरी श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, फार तर इडली-सांबार. आता मुलांचा एकच घोषा... पिझ्झा! परदेशी कंपन्यांची पिझ्झ्याची दुकानं आपल्याकडे १९९६ साली आली, तीही दिल्ली-बंगळूरसारख्या मोठ्या शहरांत. आमच्या तालुक्याच्या गावाला हे वेड लागायला पुढे बरीच वर्षं गेली. आज मात्र एस.टी. स्टँडपासून आमच्या कॉलनीपर्यंत चालत आलं तर वाटेत तीन पिझ्झावाले लागतात. तिघेही गावातलेच.

‘‘कुठे जायचं गं?’’ मी विचारलं. लेकीने मोबाइल काढला. ‘‘आई, स्टँडजवळच्याला चार पॉइंट नऊ आहेत. कॉलेज रोडवाल्याला चार पॉइंट सात. आणि मारुतीच्या बोळातल्या काकूंना तीन पॉइंट आठ. तिथे नको.’’

झालं! निकाल लागला. मार्कांवरून मुलं हुशार ठरवणारे आपण, पिझ्झाही मार्कांवरूनच ठरवला.

दुकान झकपक होतं. भिंतीवर रंगीत दिवे, फोटो काढायला वेगळा कोपरा. टेबलावर एक कार्ड उभं केलेलं, त्यावर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड आणि खाली लिहिलेलं – ‘पाच स्टार द्या, गार्लिक ब्रेड मोफत मिळवा.’ पिझ्झा यायचाच होता, तोवर लेक म्हणाली, ‘‘आई, दे ना पाच स्टार. फुकट मिळतंय.’’ मी दिले. वर ‘खूप छान’ असंही लिहिलं. गार्लिक ब्रेड आला. मग पिझ्झा आला. मधोमध कच्चा, आणि वरचं चीज पाच मिनिटांत गार होऊन रबरासारखं झालं. पण माझे पाच स्टार आधीच गेले होते!

रात्री सहज म्हणून त्या दुकानाचे बाकीचे अभिप्राय वाचत बसले. ‘खूप छान’, ‘बेस्ट’, ‘नाइस’, ‘सुपर’. शेकड्यांनी. काय खाल्लं, कसं होतं, किती पैसे पडले, याचा कुठे पत्ता नाही. म्हणजे माझ्यासारख्याच सगळ्यांनी गार्लिक ब्रेड खाल्ला होता तर!

मग मला खोड लागली. महिन्याभरात तिन्ही ठिकाणी एकच जिन्नस मागवून पाहिला, कांदा-सिमला मिरचीचा साधा पिझ्झा. कॉलेज रोडवाल्याची तऱ्हा निराळी. त्याच्या जाहिरातीत जिल्ह्यातला एक प्रसिद्ध रीलवाला मुलगा डोळे मिटून घास घेतो आणि चीजची हातभर तार ओढून दाखवतो. ‘जिल्ह्यात नंबर वन!’ नंबर कुणी दिला, ते विचारायचं नाही. पिझ्झा तसा बरा होता, पण ती तार काही आमच्या वाट्याला आली नाही. विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने मोकळेपणाने सांगितलं, ‘‘मॅडम, व्हिडिओला वेगळं चीज वापरलं होतं. रोज ते परवडत नाही.’’

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. दुधाच्या फॅटऐवजी पाम तेलासारखं वनस्पती तेल घालून चीजसारखा दिसणारा पदार्थ बनवतात. त्याला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतात. तो काही विष नव्हे, स्वस्त असतो, म्हणून वापरतात. पण कायद्याने तो ‘चीज’ या नावाने विकता येत नाही, पाकिटावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. आपण पाकीट पाहत नाही, आपण रील पाहतो. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

आणि तिसरं दुकान? ते आमच्या बचत गटातल्याच एका मैत्रिणीचं. घराच्या पडवीत एक ओव्हन, एक फ्रीज, एक ओटा. कणीक आणि मैदा मिसळून पोळा स्वतः लाटते, सॉस घरी शिजवते, चीजचं पाकीट समोर फोडून किसते. पिझ्झा खालून खरपूस, वरून मऊ. स्टँडजवळ ‘एकावर एक फ्री’ म्हणून सात इंचाचे दोन पिझ्झे ३४० रुपयांना. हिच्याकडे दहा इंचाचा एक २२० रुपयांना. मी घरी येऊन हिशेब मांडला. गोल वस्तूचा आकार व्यासाच्या वर्गाने वाढतो. सात गुणिले सात एकोणपन्नास, दोन पिझ्झ्यांचे अठ्ठ्याण्णव. दहा गुणिले दहा शंभर. म्हणजे तिचा एक पिझ्झा त्या दोघांएवढाच, आणि १२० रुपयांनी स्वस्त! शाळेतलं गणित असं पन्नाशीच्या उंबरठ्यावर कामी आलं.

मग तिला तीन पॉइंट आठ का? तिच्या नावापुढे एकूण नऊ अभिप्राय. सहा जणांनी पाच स्टार दिलेले. उरलेल्या तिघांपैकी एकजण मंगळवारी आला, दुकान बंद होतं – एक स्टार. दुसऱ्याला अर्धा तास थांबावं लागलं – एक स्टार. तिसऱ्याला बसायला जागा नव्हती – दोन. पिझ्झा वाईट लागला, असं एकानेही म्हटलेलं नाही!

गटाच्या बैठकीनंतर मी मोठ्या उत्साहाने हे सगळं तिला सांगितलं. गणितही सांगितलं. ती हसली. मग हळूच म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही तर पहिल्या दिवसापासून माझ्याकडे येता. त्या नवांत तुमचं नाव नाही दिसलं.’’

मला उत्तरच सुचेना. खरंच की! चार वर्षांत मी तिच्याकडे कितीदा खाल्लं असेल, पाहुण्यांना नेलं असेल, तोंडभर कौतुक केलं असेल. पण लिहिलं कुणासाठी, तर ज्याने गार्लिक ब्रेड दिला त्याच्यासाठी. हिने कधी मागितलं नाही, म्हणून मी कधी दिलं नाही.

आमच्या गटात एखादीने कर्ज मागितलं की बाकीच्या बायकांना विचारतात, ‘हिची खात्री कोण देतं?’ तेव्हा प्रत्येक जण दहादा विचार करते. कारण उद्या तिने हप्ता चुकवला तर सगळ्या गटाला निस्तरावं लागतं. चहा पाजला म्हणून आमच्यातली एकही बाई कुणाची हमी घेणार नाही. मग मोबाइलवरचे पाच स्टार हे दुसरं काय आहे? अनोळखी माणसाला आपण दिलेली हमीच ना? परगावाहून आलेली एखादी आई स्टँडवर उतरते, भुकेलं मूल घेऊन दुकान शोधते, ते माझ्या शब्दावर. आणि तो शब्द मी एका गार्लिक ब्रेडला विकला.

स्टँडजवळच्या दुकानाचा मालक तिशीचा मुलगा आहे. त्याच्याशीही मी बोलले. तो म्हणाला, ‘‘काकू, डोक्यावर कर्ज आहे. सगळेच असं करतात. वर दिसलो नाही तर गिऱ्हाईक येतच नाही.’’ त्याचंही अगदीच खोटं नाही. आमची आजी म्हणायची, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. जाहिरात करणं हा त्याचा धंदा, त्याला कोण अडवणार? पण जाहिरात त्याने स्वतःच्या नावाने करावी. माझ्या नावाने का करून घ्यावी?

बरं, हे नियमात बसतं असंही नाही. पैसे, सवलत किंवा फुकटची वस्तू देऊन अभिप्राय मिळवायला गूगलची स्वतःचीच मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळं मानक काढलं. आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं, पण विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने रील करणाऱ्यांनाही बजावलं की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे, असं लोकांना कळेल अशा शब्दांत सांगा. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आपल्या फोनमध्ये असायलाच हवा. पण मैत्रिणींनो, चार टेबलांच्या दुकानावर लक्ष ठेवायला दिल्लीहून कोण येणार? ते आपल्याच हातात आहे.

आता मी स्टार पाहते, पण आधी कमी स्टारवाल्यांनी काय लिहिलंय ते वाचते. दुकान बंद होतं म्हणून रागावलाय, की शिळं मिळालं म्हणून? ‘खूप छान’ला मोजत नाही, काय खाल्लं ते लिहिणाऱ्याला मोजते. दुकानाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले बघते. बिलावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर आहे का, तेही बघते. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं झालंय.

आणि त्या रात्री आणखी दोन कामं केली. स्टँडजवळच्या दुकानाला दिलेले पाच स्टार बदलून दोन केले, कारणही लिहिलं. मधे कच्चा होता, गार्लिक ब्रेड मात्र चांगला होता. जे खरं ते खरं. मग मैत्रिणीच्या पानावर गेले. मैत्रीण म्हणून पाच द्यायचा मोह झाला, पण चारच दिले. लिहिलं – ‘दहा इंचाचा कांदा-सिमला मिरची, २२० रुपये. चव उत्तम, चीज समोर किसतात. बसायला जागा नाही, अर्धा तास लागतो, मंगळवारी बंद. आधी फोन करून जा.’

तिचा आकडा तीन पॉइंट आठचाच राहिला, इंचभरही हलला नाही. पण दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ‘‘ताई, मंगळवारचं लिहिलंत ते बरं झालं. मला ते कुठे टाकायचं तेच कळत नव्हतं.’’

आता पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्याजणींनी आपापल्या नेहमीच्या दुकानाबद्दल चार खऱ्या ओळी लिहायच्या, असं ठरवलंय. पिठाची गिरणी, शिवणकामवाली, खानावळ, कुणीही चालेल. फुकट काही मिळणार नाही, हे मात्र मी आधीच सांगून ठेवलंय!